दोम्निकाबाईंचा कागद

दोम्निकाबाईंचं आणि माझं तीस वर्षांत एकदाही धड पटलं नाही. त्या तिसऱ्या मजल्यावर, मी दुसऱ्या. त्या खोल्या भाड्याने द्यायच्या, म्हणजे माझ्या डोक्यावर रोज नव्या माणसाचे बूट. सकाळच्या गाडीने उतरलेले पाहुणे चाकाच्या बॅगा पायऱ्यांवर आपटत वर न्यायचे आणि मी अंथरुणात बसून मोजायचो. सत्तावीस पायऱ्या, सत्तावीस दणके.

युक्रेनच्या पश्चिम टोकाला, आमच्या चेर्निव्त्सी स्टेशनवर जे कधी उतरलेत, त्यांना बाई नक्की आठवतील. फलाटाच्या टोकाला उभ्या, डोक्याला करडा रुमाल, गळ्यात पुठ्ठ्याची पाटी: 'खोली. गरम पाणी. खोटं बोलत नाही.' बाकीच्या खोलीवाल्या बायका उतारूंच्या बॅगांना झोंबायच्या. बाई जागच्या हलायच्या नाहीत. मी तेव्हा ट्रॉलीबस, म्हणजे डोक्यावरच्या विजेच्या तारांना धरून चालणारी बस, चालवत होतो, स्टेशनसमोर माझा थांबा, त्यामुळे हे सगळं काचेतून दिसायचं.

पाहुणा घरी पोचला की बाई त्याला आधी चहा द्यायच्या आणि मग कागद. शहराचा नकाशा, स्वतः हाताने काढलेला. निळा गोल म्हणजे इथे खा. लाल फुली म्हणजे इथे फिरकू नका. त्रिकोण म्हणजे माझ्याकडे जागा नसेल तर इथे राहा. हिरवा बाण म्हणजे इथून बघा. शेजारी बारीक अक्षरात सूचना, आणि त्या बाईंच्या स्वभावासारख्याच, तोडून टाकलेल्या. 'मक्याची उकड फक्त मंगळवारी, बाकी दिवशी शिळी.' 'रखवालदार दोन ते तीन झोपतो, मागचं दार ढकला.' 'पुलाच्या दुसऱ्या खांबापाशी थांबा, सगळं स्टेशन दिसतं.' असे हजारभर कागद त्यांनी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून काढले असतील.

त्याच्या बदल्यात पाहुण्याने एक करायचं. बाईंच्या जाड वहीत आपल्या गावाचं पान लिहायचं. आमच्या गावात आलास तर कुठे उतरावं, काय खावं, काय बघावं. ओडेसा, पोल्टावा, खेर्सन, खार्कीव, सगळी शहरं त्या वहीत होती. बाई स्वतः जिल्ह्याबाहेर गेल्या नव्हत्या. पण खेर्सनला कुठल्या गल्लीत कलिंगड चांगलं मिळतं ते त्या झोपेतून उठवलं तरी सांगतील. मी एकदा म्हटलं, "जायचं नाही तर हवंय कशाला?" तर म्हणाल्या, "तू ट्रॉलीबस चालवत होतास. तू तरी तारा सोडून कुठे गेलास?"

असं आमचं प्रेम.

रशियाशी लढाई सुरू झाली आणि पूर्वेकडून गाड्या भरभरून यायला लागल्या. बाईंनी पाटीवर एक शब्द वाढवला: 'फुकट.' इकडे गावात निराळंच वारं. रस्त्यांच्या पाट्या काढून टाकल्या, चौकातल्या बाणांवर काळा रंग फासला. शत्रूची माणसं साध्या कपड्यांत हिंडतात, छपरांवर आणि रस्त्यांवर खुणा करतात, मग तिथे बॉम्ब पडतात, असं जो तो सांगत होता. संशय आला की फोन करा, म्हणून नंबर दिला होता. मी त्रेसष्ट वर्षांचा, बंदूक कोणी देईना. मग मी स्वतःलाच नेमणूक दिली. रोज सकाळी पुलापाशी जाऊन डोळ्यांत तेल घालून उभा राहायचो.

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं. चाळिशीचा एक माणूस पुलावर उभा, हातात कागद. कागद उलटा धरतोय, सुलटा धरतोय, मधेच छपरांकडे बघतोय, मधेच स्टेशनकडे. कागदावर लाल फुल्या, त्या मला दहा पावलांवरून दिसल्या. त्याने एका बाईला काहीतरी विचारलं, तर बोली पूर्वेकडची. माझ्या अंगावर काटा आला.

मी फोन केला. नुसता कागद बघतोय म्हटलं तर कोण धावून येणार, म्हणून 'पुलाचे फोटो काढतोय, मी डोळ्यांनी पाहिलं' हेही जोडून दिलं. नाव सांगितलं नाही. चार मिनिटांत पुलापलीकडच्या तपासणी नाक्यावरची बंदूकवाली पोरं आली, त्याचे हात मागे बांधले आणि घेऊन गेली. तो काहीतरी सांगत होता, कोणी ऐकत नव्हतं. मी ताठ मानेने घरी गेलो. खरं सांगायचं तर निवृत्त झाल्यापासून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

पावणेदोनला दार वाजलं. दारात दोम्निकाबाई, कोट घालून तयार, काखेत ती जाड वही. माझ्या दाराशी त्या पाच वर्षांनी उभ्या होत्या.

"झेन्को, बूट घाल. माझा पाहुणा पकडलाय."

"कसला पाहुणा?"

"सावेली. खार्कीवचा. अकरा वर्षांपूर्वी राहून गेलाय, परवा बायकोपोरीला घेऊन आला. तुला कळलं नसेल. चाकाच्या बॅगा नव्हत्या त्यांच्याकडे, दोन पिशव्या होत्या फक्त."

मी खाली वाकून बूट शोधायला लागलो.

"पोरगी चार दिवस काही खात नाही. काल बापाने तिला सांगितलं, इथे चेरी भरून उकडलेल्या वारेनिकी मिळतात, मी खाल्ल्यात. ती म्हणाली, ते खाईन. म्हणून माझा जुना कागद घेऊन दुकान शोधायला गेला. दुकान तिथून कधीच उठलंय. गाढवाने मला विचारायचं की नाही?" बाईंचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "चार वाजता चर्चच्या आवारातून रोमानियाची बस सुटते. मायलेकींची नावं लागलीत. पलीकडे बायकोची बहीण उभी राहणार आहे. आणि दोघींचे पासपोर्ट त्याच्या खिशात."

"पुढची बस?"

"पुढची बस कोणाला माहीत? तू चल. तुला गावात सगळे ओळखतात. मी एकटी म्हातारी काय बोलणार."

पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. आत्ता सांगावं, इथेच, जिन्यात. "चहा ठेवू का आधी?" असं काहीतरी मी बरळलो.

"तुझा चहा एकदा प्यायलेय मी. चल."

जिन्यात सावेलीची बायको उभी होती, रिम्मा. अंगावर बाईंचाच जुना लोकरी कोट. शेजारी सहा वर्षांची ताया, टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली. बाईंनी रिम्माचा दंड धरला. "तू हिला घेऊन बसपाशी जा. पासपोर्ट नाही म्हणून मागे राहू नकोस, जागेवर जाऊन बस. आम्ही आणतो त्याला."

"मावशी, त्यांनी त्याला..."

"काही केलेलं नसेल. जा."

पोरगी माझ्याकडे बघत होती. मी जिन्याच्या कठड्याकडे बघत होतो.

नाक्यावरच्या लोकांनी पुलापलीकडचं बंद टायरचं दुकान घेतलं होतं. पोत्यांच्या भिंतीआड स्टोव्ह, त्याच्याभोवती चार पोरं, आणि टेबलामागे ऑरेस्ट. ऑरेस्ट आमच्या भागातला दातांचा डॉक्टर. मागच्या वर्षी माझी दाढ त्यानेच काढली होती. आता कमरेला पिस्तूल, आणि तीन रात्री न झोपलेल्या माणसाचे डोळे. भिंतीवर टायर कंपनीचं घड्याळ, त्यात दोन वाजून वीस मिनिटं.

"बसा, बाई. झेन्को काका, तुम्हीही बसा." त्याने तो कागद टेबलावर पसरला. "हा तुमचा?"

"माझा. अक्षर दिसत नाही का?"

"'सगळं स्टेशन दिसतं.' हे कशासाठी?"

"डोळे असतात माणसाला. सकाळी धुक्यातून गाड्या येताना बघायला लोकांना आवडतं."

"'रखवालदार दोन ते तीन झोपतो, मागचं दार ढकला.'"

"झोपतो तो. त्याला विचार. मनोऱ्यावर जायला पुढच्या दाराने रांग असते."

"लाल फुल्या?"

"जिथे खाऊन पोट बिघडतं ती ठिकाणं."

ऑरेस्टने एका फुलीवर बोट ठेवलं. "इथे काय आहे?"

"तुझ्या सासऱ्याची खानावळ."

स्टोव्हपाशी कोणीतरी खोकल्याचं नाटक केलं. एक पोरगा पाठ वळवून उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते. मलाही हसू आलं असतं, पण माझं लक्ष घड्याळाकडे होतं.

ऑरेस्ट हसला नाही. "तिथल्या सॉसेजबद्दल वाद नाही," तो म्हणाला. "पण बाई, असाच कागद घेऊन कोणी आला असेल आणि उद्या त्या पुलावर काही पडलं, तर मी कोणाला काय सांगू? तुम्ही हजार कागद वाटलेत. त्यातला एक कोणाच्या हाती लागला ते तुम्हाला माहीत आहे?"

बाईंचा चेहरा पहिल्यांदा उतरला. हे त्यांच्या डोक्यात आलं नसावं. मग त्यांनी वही उघडली.

"हजार वाटले. पण वाटताना प्रत्येकाकडून हे घेतलं. हे पान बघ. खार्कीव. खाली सही, अकरा वर्षांपूर्वीची. मी ते झाकून ठेवते. त्याला आण आणि विचार यात काय लिहिलंय. दुसऱ्याच माणसाचा कागद पळवून आला असेल तर सांगता येणार नाही."

ऑरेस्टने विचार केला. मग मान हलवली. दोन वाजून पन्नास.

सावेलीला आतून आणेपर्यंत तीन वाजून दहा झाले. त्याचा ओठ फुटला होता. मला त्याच्याकडे बघवेना. त्याने बाईंना बघितलं आणि पहिलं वाक्य बोलला ते हे: "त्या बसपाशी गेल्यात का?"

"गेल्यात," बाई म्हणाल्या. "तू आता आठव. माझ्या वहीत काय लिहिलं होतंस?"

"आता?"

"आता," ऑरेस्ट म्हणाला. "कुठे राहायचं लिहिलं होतं?"

सावेलीने डोळे मिटले. "बागेमागे माझ्या आत्याच्या घरी. वरची खोली. खिडकी पूर्वेला, पडदा जाड आहे, घाबरू नका असं लिहिलं होतं." तो थांबला. "ती खिडकी आता नाही."

"पुढे. खायला?"

"ट्रॅक्टर कारखान्याच्या बाजूला खानावळ. बीटाचं सूप, लसणाचे पाव. वाढणाऱ्या बाईला गलीना म्हणा, ती जास्त साय घालते. ती गेली. पहिल्याच आठवड्यात."

"बघायला?"

"प्राणिसंग्रहालय. शिवाय... आमच्या चौकातली कमान. पोरांना तिच्याखाली ओरडायला लावा, आवाज फिरून येतो. आणि भुयारी रेल्वेची स्टेशनं बघा, झुंबरं आहेत, उन्हाळ्यात थंड असतात." त्याने डोळे उघडले. "त्यातल्याच एका स्टेशनात आम्ही अकरा दिवस झोपलो. शेवटी मी काय लिहिलं होतं तेही सांगतो. 'कधीही या.' असं लिहिलं होतं."

ऑरेस्टने वही आपल्याकडे ओढून ओळीवर ओळ बोट फिरवलं. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. वही मिटून त्याने ती बाईंना दोन हातांनी परत दिली.

"कागदाचं मिटलं," तो म्हणाला. "पण पुलाचे फोटो राहिले. एकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. याच्या फोनमध्ये एकही फोटो नाही. म्हणजे एकतर पुसले, नाहीतर काढलेच नाहीत. ज्याने पाहिलं त्याने येऊन सांगितल्याशिवाय मी सोडू शकत नाही. वरून विचारणा येते, बाई. माझी मान अडकते."

"मग त्याला बोलव," बाई म्हणाल्या.

"नाव नाही दिलं. नंबर आहे." त्याने खिशातून चिठ्ठी काढली.

तीन वाजून पंचवीस. मला बोलायला अजून तेवढा वेळ होता, जेवढा ऑरेस्टला चष्मा पुसून आकडे वाचायला लागला. कमी नव्हता. मी तो सगळा घालवला. बाईंच्या रुमालाची गाठ बघत बसलो.

मग माझ्या कोटाच्या खिशात ट्रॉलीबसची घंटा वाजली. नातवाने हौसेने फोनवर लावून दिली होती ती. टण टण, टण टण. दुकानातल्या पत्र्यांमुळे फारच मोठी वाटत होती. बाईंनी मान वळवली नाही. त्यांनी फक्त वही उराशी धरली.

"काका," ऑरेस्ट हळूच म्हणाला, "उचला."

"उचलायचं काय," मी म्हणालो. "मीच केला फोन. कागद पाहिला ते खरं. छपरांकडे बघताना पाहिलं तेही खरं. फोटो काढताना पाहिलं नाही. तुम्ही लवकर यावं म्हणून ते मी पदरचं घातलं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ऑरेस्टने एक कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं. "लिहून द्या. जसं बोललात तसं." सही मला दोनदा करावी लागली. त्याने सावेलीचे पासपोर्ट, फोन, पट्टा सगळं टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "ओठाबद्दल माफ करा." सावेलीने मान हलवली. माझ्याकडे त्याने बघितलंच नाही, त्याला वेळ नव्हता. चारला अठरा मिनिटं होती.

नाक्यावरची एकच गाडी होती, ती पेट्रोल आणायला गेलेली. चर्चपर्यंतचा रस्ता सगळा चढाचा. सावेलीला रस्ता ठाऊक नव्हता, तो पुढे पळायचा आणि प्रत्येक वळणावर आमच्यासाठी थांबायचा. बाई सत्तर वर्षांच्या, मी त्रेसष्टचा, आम्ही धापा टाकत मागे. मधेच बाई थांबल्या, भिंतीला हात टेकला. मी म्हटलं, "माझ्या खांद्यावर हात ठेवा." त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि ठेवला. चर्चच्या घड्याळाचे चार ठोके आम्हाला शेवटच्या चढावर ऐकू आले.

आवारात पोचलो तर बस उभी. इंजिन चालू, दार उघडं, आणि आत कोणी नाही. तीस-चाळीस बायकापोरं बसच्या बाजूला फरशीवर, आपापल्या पिशव्यांवर बसलेली. सगळ्यांची तोंडं मिटलेली. एकटा ड्रायव्हर मधे उभा राहून हातवारे करत होता.

"अहो, गाडीत बसलाच होतात की. तेच बसणं धरा ना."

"गाडीतलं बसणं धरत नाहीत," एक म्हातारी म्हणाली. "घरातून निघताना सायरन झाला, बसायचं राहिलं. न बसता निघालेला माणूस परत येत नाही. तुझ्या आईने शिकवलं नाही वाटतं?"

"एक मिनिट म्हणालात. सहा मिनिटं झाली."

"मधे तू बोललास. आता पहिल्यापासून."

निघण्याआधी मिनिटभर गप्प बसायचं, हे आमच्याकडे देवाधर्मासारखं पाळतात. ड्रायव्हरही आमच्याच मातीतला. त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि स्वतःही पायरीवर बसला. मागाहून कळलं, चार वाजले तेव्हा रिम्मा उठून त्या म्हातारीपाशी गेली होती आणि कानात एवढंच म्हणाली होती: माझा माणूस यायचाय.

ती सगळ्यात शेवटी बसली होती, पोरीला मांडीवर घेऊन. सावेली त्यांच्यासमोर जमिनीवरच बसला. पासपोर्ट तिच्या हातात दिले. त्या मिनिटात कोणी बोलायचं नसतं, म्हणून तेही बोलले नाहीत. पोरीने बापाच्या फुटलेल्या ओठाला बोट लावलं. मग म्हातारी उठली, सगळ्या उठल्या, बस गेली. पुरुषांना सीमा बंद होती. सावेली वळणापर्यंत चालत गेला आणि तिथेच उभा राहिला.

मी बाईंना म्हणालो, "बाई, तुम्ही मला काय हवं ते बोला."

"दमलेय मी," त्या म्हणाल्या. "उद्या बोलेन."

दुसऱ्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत. वरून फक्त खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. टेबलाशी बसून काहीतरी काढत असाव्यात. मी कान देऊन बसलो होतो. खोटं कशाला सांगू, मला त्यांची शिवी हवी होती, आणि ती मिळत नव्हती म्हणून मला घरात बसवत नव्हतं.

त्यानंतरच्या सकाळी माझं दार वाजलं. मारियुपोलहून आलेली एक बाई, दोन मुलं, हातात एकच पिशवी. बाईने मला कागद दाखवला. नवा होता. त्यावर पूल नव्हता, स्टेशन नव्हतं, मनोरा नव्हता. बेकरी, दवाखाना, तळघरं, आणि आमची इमारत. तिच्या दुसऱ्या मजल्यावर निळा गोल आणि शेजारी बाईंच्या बारीक अक्षरात: 'झेन्को. वर येण्याआधी याला भेटा. चहा चांगला करतो.'

ती दारातच अवघडून उभी होती. "वरच्या मावशी म्हणाल्या, आधी तुम्हाला तोंड दाखवायचं. त्रास असेल तर..."

मी ती ओळ पुन्हा वाचली आणि मला रडू आवरेना. बाईंच्या हजार कागदांत एक अक्षर खोटं नव्हतं. हे पहिलं होतं, आणि ते त्यांनी माझ्यासाठी लिहिलं होतं.

"आत या," मी म्हणालो, आणि पाणी तापत ठेवलं.